आजोबा अधिकारी नव्हते

मंडळी, आज मेलकावेरीच्या आमच्या घरी आजोबांचं तेरावं झालं. थोरला नातू म्हणून जेवणाआधी मी तमिळमध्ये चार शब्द बोललो. बोलता बोलता सांगून टाकलं, की आजोबा नौदलात मोठे अधिकारी होते.

खरं तर ते जहाजावर स्वयंपाकी होते. मला त्याची लाज वाटायची, म्हणून शाळेत असल्यापासून मी हे खोटं सांगत आलोय.

पानं वाढली जात होती तेव्हा एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. नागपट्टिणमहून बसने एकटेच आले होते. आजोबांच्याच जहाजावर खलाशी होते. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "तंबी, बाळा, तो आमचा स्वयंपाकी होता. का लपवलंस?"

मी त्यांना बाजूला नेलं. ते पुढे सांगू लागले,

"एकदा तीन दिवस वादळात होतो. कुणाला उभं राहवत नव्हतं. त्यानं स्वतःला दोरीनं चुलीजवळच्या कठड्याला बांधून घेतलं आणि सगळ्यांना भात शिजवून घातला. हात भाजला होता त्याचा."

हातावरचा तो भाजल्याचा डाग मी मित्रांना युद्धातली जखम म्हणून दाखवायचो.

पाहुणे गेले, तरी माझ्या तोंडून खरं निघालं नाही. तिथं आलेले बरेच जण या ग्रुपवर आहात, म्हणून इथे लिहितोय.

मला असं खोटं सांगताना आजोबांनी एकदा ऐकलं होतं. त्यानंतर माझे मित्र आले, की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

आता त्यांची माफी कशी मागू?