देवणी बैलाचा कान

जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर असताना चारठाण्याकडचा एक म्हातारा आपला देवणी बैल घेऊन यायचा. कागदावर त्याचं नाव मीच लिहिलं असणार, पण आता आठवत नाही. बैलाच्या लांब, लोंबत्या कानात बारीक पांढरे किडे झाले होते. त्यामुळं तो मान वाकडी करून चालायचा आणि दोरी धरलेला म्हातारासुद्धा नकळत तशीच मान करायचा.

कानाला असा वास यायचा की मी तोंड फिरवायचो. म्हातारा मात्र तो कान धोतराच्या सोग्यानं पुसत राहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "सायेब, ह्याला ऐकू यायलंय का?"

"औताला चालतो ना? मग झालं," मी खेकसलो.

"औत कुठलं आता? रान दुसऱ्याला बटईनं देलंय. घरात मी आन् ह्यो, आमी दोघंच हाव. देवळातल्या नंदीच्या कानात एकदा सांगितलं की भागतंय. ह्याला मी रोज सांगतो."

तिसऱ्या खेपेला कान साफ झाला. तरी तो दर आठवड्याला येतच राहिला. "बघा की, सायेब," म्हणायचा. मी उगाच बॅटरी मारून आत बघायचो.

एकदा तो एकटाच आला. "बैल गेला," म्हणाला. मी स्टूल पुढं केलं. ते ओढून तो अगदी माझ्या कानाशी बसला आणि तुरीला फूल लागल्याचं हळू आवाजात सांगू लागला. मी मान वाकडी करून ऐकत राहिलो.