नळीतली नळी

माझ्या लोखंडी कपाटात तेव्हा दोन बंदुका होत्या, दोन्ही अमेरिकन फौजेच्या. मुळात त्या तोंडाकडून दारू ठासायच्या. काडतुसं आली तेव्हा तिथल्या सरकारी कारखान्यानं जुन्या बंदुका टाकून दिल्या नाहीत. नळीची मागची बाजू वरून कापली आणि तिथं बिजागरीचं झाकण बसवलं. मी धाराशिवला आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवते. मला बंदुकीपेक्षा ही दुरुस्ती आवडते. त्या इकडं कशा आल्या ते नक्की माहीत नाही. निजामाच्या काळात बाहेरच्या फौजांचा जुना माल विकत घेतला जाई, एवढं ऐकलंय.

प्रत्येक बंदुकीला वहीत एक पान असतं. कुणाकडून आली, कागद कोणते, छाप कुठं, काय तुटलंय. पान पूर्ण झाल्याशिवाय बंदूक घरात येत नाही.

तिसरी तामलवाडीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं होती. ते सोलापूरला मुलाकडं कायमचे राहायला निघाले होते आणि त्यांचा परवाना संपत आला होता. पुरातन म्हणून मान्य झाली तर ती माझ्या नावावर नोंदवता येणार होती. नाही झाली तर ठाण्यात जमा, आणि पुढं कधीतरी तुकडे. त्यांना झोप लागत नव्हती ती या तुकड्यांच्या विचारानं. त्यांच्या वडिलांनी ती पुजलेली.

फोनवर मी विचारलं, "बाजूच्या लोखंडी पट्टीवर काही चित्र आहे का?"

"पक्षी हाय एक. घारीसारखा. लई पुसट झालाय."

तो गरुड असणार, म्हणजे अमेरिकन सरकारी छाप. मला आनंद झाला आणि घाईत मी म्हणाले, "काका, जरा साफ करून फोटो पाठवा."

खंडेनवमी चार दिवसांवर होती. दरवर्षी ते विळा, कोयता, कुऱ्हाड आणि ही बंदूक चिंच आणि विटकरीच्या भुग्यानं घासून पूजेला मांडत. यंदा धाराशिवहून मॅडम येणार म्हणून, त्यांना न्यायला सोलापूरहून आलेल्या सुनेनं वर पॉलिश पेपरही मारला. फोटो आला तेव्हा चकचकीत पट्टीत फोटो काढणाऱ्याचा अंगठा दिसत होता. पक्षी उडून गेला होता.

मी लगेच तामलवाडीला गेले. सून चहा घेऊन आली.

"ताई, कशी झालीय? समईवानी."

"पक्षी कुठं गेला?"

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "तो डाग होता ना, मामा? तुमीच म्हनला डाग काढ."

"म्या म्हनलं पक्षी हाय, डाग न्हाय," म्हातारे म्हणाले. "अन् मॅडमच म्हनल्या साफ करा."

ते खरं होतं. माझ्या वहीत बंदूक घेताना काय बघायचं याची यादी होती, मालकानं काय करायचं नाही याची नव्हती. मी तिथंच बसून लिहिलं: फक्त कोरडं फडकं.

पुढच्या आठवड्यात पोलीस मुख्यालयात तपासणी झाली. हत्यारं तपासणारे हवालदार निवांत माणूस होते. म्हातारे आपली बंदूक पोत्यात गुंडाळून घेऊन आले होते. हवालदारांनी झाकण उघडलं, मिटलं, पट्टीवर बोट फिरवलं.

"जुनी आहे, कबूल. पण जुन्या लोखंडाची जोडाजोड गावातला लोहारही करतो. अमेरिकन कशावरून?"

"पक्षी व्हता," म्हातारे म्हणाले.

"काका, होता म्हणून मी सही करू शकत नाही."

मी बंदुकीचं तोंड त्यांच्याकडं वळवलं. या बंदुकांची जुनी भोकं नव्या काडतुसाला मोठी पडत. म्हणून आत टोकापर्यंत दुसरी नळी घालून फटीत पितळ वितळवून, म्हणजे झाळून, पक्की केलेली असते. माझ्याकडच्या एका बंदुकीत तो सांधा बघायला मला भिंग लागलं होतं. इथं पॉलिश पेपर तोंडावरही फिरला होता. गोलात गोल, मध्ये केसाएवढी पिवळी रेघ, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. मी वहीतलं माझ्या बंदुकीचं पान उघडून फोटो शेजारी धरला.

"एवढ्या लांब नळीत नळी बसवून झाळायची," मी म्हणाले, "हे माझ्या वर्कशॉपला आजही जमणार नाही."

हवालदारांनी रेघेवर नख फिरवलं, फोटो दोनदा पाहिला आणि शेरा लिहायला घेतला.

म्हातारे बाहेर येऊन बाकावर बसले. "म्हंजे सुनबाईंनी बरं केलं म्हनायचं का वाईट?"

"छाप गेला ते वाईटच. तिला सांगू नका मात्र."

"सांगायला काय, ती आताच फोनवर इचारतीय, दुसरी घासायची हाय का."

कागद पूर्ण झाल्यावर बंदूक माझ्याकडं आली. सोलापूरहून ते दरवर्षी खंडेनवमीला एसटीनं येतात, हळद-कुंकवाच्या पुड्या खिशात. पहिल्या वर्षी त्यांचा ओल्या कुंकवाचा हात सवयीनं नळीकडं गेला आणि मी मध्येच अडवला. मग आम्ही ठरवलं: बोटं लाकडी दस्त्यावर टेकवायची, लोखंडाला ओलं काही नाही. त्या पानावर शेवटची ओळ तीच आहे. पाण्याचा तांब्या मी दाराबाहेर ठेवते.