पोस्टरमधली खुर्ची

मैत्रिणींनो, हात अजून मिरचीने भगभगताहेत, तरी लिहितेच.

नंदुरबारला मिरचीच्या गोडाऊनमध्ये आम्ही बाया दिवसभर जमिनीवर बसून देठ खुडतो. आज मॅनेजरने भिंतीवर पोस्टर लावलं. चित्रातली बाई खुर्चीवर ताठ बसलेली, खाली लिहिलेलं, ‘पाठ सांभाळा, ती तुमची जबाबदारी.’

ते वाचून शेजारची मंगलाबाई उठली. मालाचा एक रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसली, दुसऱ्यात मिरची भरून समोर घेतली. मग मीही तेच केलं. बघता बघता सगळ्याच.

मॅनेजर धावत आला. “क्रेट मालसाठे शे, बसासाठे नही! उठा!”

मंगलाबाई देठ खुडतच म्हणाली, “भाऊ, पोस्टर तुम्हीच लाई दिन्हं ना? मंग त्या चित्रमानी खुर्ची आना. तोवर आम्ही उठत नही.”

एकही बाई उठली नाही. सुट्टी होईपर्यंत क्रेटवरच बसलो.

पाठ आमची, मान्य. पण आम्हाला जमिनीवर बसवलं कोणी? तुमच्या कामावर हे कोणी विचारलंय का?

खुर्च्या आल्या नाहीत, तर उद्याही क्रेट उलटेच दिसतील.