मुलतानीचा शेवट

माझ्या अप्पांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला गरीब बिचारा समजणार नाही आणि अप्पांनाही कुणी देवमाणूस ठरवणार नाही. त्यांनी मला मारलं असतं, शिकवलं नसतं, तर एक वेळ मी विसरून गेलो असतो. त्यांनी मला गाणं ऐकायला शिकवलं आणि मग त्यातच फसवलं.

घाटनांदूरला आमचं किराणा दुकान. पुढे दुकान, मागे घर. सोमवार हा महादेवाचा वार, त्यामुळे त्या दिवशी दुपारचं जेवण झालं की अप्पा दुकानाची फळी लावून घेत आणि पाचला उघडत. या मधल्या वेळात गाणं. खोलीत विजेच्या मीटरच्या खाली एका स्टुलावर रेडिओ-टेपचा टू-इन-वन असायचा, त्यावर आईनं शिवलेलं झाकण. अप्पा ते झाकण काढत, घडी करत, बाजूला ठेवत. मग मला म्हणत, "बस. समदं होईस्तर हलायचं न्हाई."

नियम बरेच होते. मध्ये बोलायचं नाही. मध्ये पाणी प्यायचं नाही. माशी बसली तर बसू द्यायची. एकदा मी संथ विलंबित चालू असताना आईला विचारलं, चहा झाला का, तर अप्पांनी माझ्या डोक्यात अशी टपली मारली की चहाची इच्छाच गेली. "अर्धं गानं ऐकून उठनं म्हंजी भरल्या ताटावरनं उठनं," असं ते म्हणायचे. वीज जाणं तर ठरलेलंच. ती गेली की आम्ही तसेच बसून राहायचो, घाम पुसत. आली की अप्पा कॅसेट मागे गुंडाळत आणि पहिल्यापासून लावत. जिथे थांबली तिथून नाही, पहिल्यापासून. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दुसरी मुलं त्या वेळी स्टेशनच्या मागे विटीदांडू खेळत. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि पुढे पुढे वाटेनासा झाला, कारण गाणं मला आवडायला लागलं होतं.

आमच्याकडे कॅसेटी चार-पाचच होत्या, पण खरी एकच. ती अंबाजोगाईच्या एका दुकानात भरून घेतलेली. तेव्हा तसंच असायचं, कोरी कॅसेट आणि कागदावर यादी द्यायची, आठ दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. अप्पांनी यादीत दोनच ओळी लिहिल्या होत्या. एका बाजूला मुलतानी, दुसऱ्या बाजूला भीमपलास. भीमपलास आधीच्या प्रहराचा म्हणून आम्ही आधी दुसरी बाजू लावायचो आणि मग पहिली. उलट लावलेलं अप्पांना चालत नसे. वेळ चुकली की राग रुसतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

आता खरी गोष्ट. मुलतानीचा शेवट त्या कॅसेटवर नव्हता. द्रुत रंगात आलेलं, गवयाची एक लांबलचक तान वर जाऊन खाली उतरायला लागलेली, आणि मध्येच बटण वर उडायचं. टक्. पहिल्यांदा हे झालं तेव्हा अप्पांनी कॅसेट काढून हलवून बघितली. दुसऱ्या दिवशी मला सायकलीवर पुढे बसवून ते अंबाजोगाईला गेले. दुकानदार पान खात होता. तो म्हणाला, "मालक, कॅसेटीची बाजू हाय तीस मिन्टाची आन तुमचं गानं हाय चवतीस मिन्टाचं. उरलेलं म्या कुटं ठिवू, खिशात?" मूळ कॅसेट एका डॉक्टरसाहेबांची होती आणि साहेबांची बदली झाली होती. शेवट त्यांच्याबरोबर गेला.

तेव्हापासून टक् झालं की आमचा दुसरा खेळ सुरू व्हायचा. अप्पा डोळे उघडायचे, मांडीवर हातानं ठेका तसाच चालू ठेवायचे आणि विचारायचे, "हां, आता पुढं काय?" मी म्हणायचो, आता तिहाई, तीनदा मुखडा आणि सम. अप्पा म्हणायचे, छ्या, इतका मोठा गवई तिहाईवर संपवतो का, तो हळूहळू कमी कमी करत नेईल, दिवा मालवल्यासारखा. मग मी माझा शेवट गाऊन दाखवायचो, ते त्यांचा. माझा आवाज फाटका, त्यांचा घोगरा. आई चहा घेऊन येता येता म्हणायची, "झालं का तुमचं गवयाला शिकवून?" मग पाच वाजायचे आणि फळी उघडायची.

असे किती सोमवार गेले, मोजले नाहीत. मी दहावी झालो, बारावी झालो, शिकायला औरंगाबादला गेलो आणि तिकडेच वाळूजच्या एका कंपनीत चिकटलो. त्या वर्षांत सगळंच झपाट्यानं बदललं. आमच्या दुकानात पूर्वी तेल सुटं मिळायचं, शिकेकाई सुटी मिळायची, आता दारावर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या. गावात केबल आली. माझ्या खोलीतल्या पोरांकडे कानाला लावायचे वॉकमन आले. मीही घेतला. तरी सोमवारी दुपारी मी जमेल तसा मुलतानी ऐकायचो. कॅसेट अप्पांकडेच होती, मग मी दुसऱ्या गवयांचा ऐकायचो. सगळ्यांचे शेवट नीट, पूर्ण. पण आमचा शेवट कुठेच नव्हता.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणारा एक माणूस होता, गाण्याचा वेडा. एकदा जेवताना मी त्याला आमच्या कॅसेटीची गोष्ट सांगितली. महिन्याभरानं तो माझ्या टेबलापाशी आला आणि एक सीडी ठेवून म्हणाला, "काय बे, तुझा डॉक्टर सापडला." शंभराच्या वर गाणी होती त्या एका चकतीत, आणि त्यात ते चौतीस मिनिटांचं गाणं. मी त्याच्याच कॉम्प्युटरवर मिनिटभर लावून बघितलं. सुरुवातीला तानपुरे लागत असताना कुणीतरी खोकतं, तो खोकला आला आणि मी ओळखलं. तेच. लगेच बंद करायला लावलं. तो म्हणाला, अरे शेवट तरी ऐक. मी म्हणालो, नाही, अप्पांच्या आधी नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. तीन आठवडे ती सीडी माझ्याकडे होती आणि मी शेवट ऐकला नाही. एक टिचकी मारायची होती फक्त. घरी धाकट्या भावानं सीडीचा प्लेयर आणल्याचं फोनवर कळलं होतं. सुट्टी सोमवारी धरून काढली, सीडी टॉवेलात गुंडाळली आणि एस.टी.त पूर्ण वेळ मांडीवर धरून बसलो. इतका आनंद मला पहिल्या पगाराचाही झाला नव्हता.

घरी गेलो तर स्टुलावर टू-इन-वन नव्हता. धाकट्यानं लातूरहून आणलेला एमपीथ्रीचा प्लेयर टीव्हीला जोडलेला होता. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात तसा तो खोलीच्या मधोमध बसला होता. टू-इन-वन माळ्यावर गेला होता. अप्पा कॉटवर पाय लांब करून पडले होते आणि त्यांच्या हातात रिमोट होता.

"बग," ते मला म्हणाले, "लई भारी हाय." आणि दाखवायला लागले. एक गाणं लावलं, मुखडा झाला की बटण दाबलं. दुसरं लावलं, दाबलं. तिसऱ्याचा तर तबलाही सुरू झाला नव्हता. टीव्हीवर आकडे पळत होते. मला आधी वाटलं, यंत्र दाखवतायत. पण पाव तास झाला तरी तेच. सकाळचा राग झाला, रात्रीचा झाला, मध्ये एक लावणी झाली, कुणी रुसलं नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "मुलतानी आणलाय. आपला. शेवटासकट."

ते ताडकन उठून बसले. "शेवट हाय?" त्यांचा चेहरा इतका उजळला की माझा सगळा राग पळाला. तीन वाजून गेले होते. मी सीडी घातली आणि जाऊन माझ्या जागी, मीटरखाली, मांडी घालून बसलो. तानपुरे लागले. खोकला आला. मी अप्पांकडे बघून हसलो. गवयानं पहिला स्वर लावला, आणि अप्पांनी बटण दाबलं.

आवाज उड्या मारत पळायला लागला. विलंबित गेला. ज्या आलापात चहाचं विचारल्याबद्दल मी टपली खाल्ली होती तो आलाप दोन टिचक्यांत गेला. मी ओरडलो, "अप्पा! काय करताय?"

"सुरवात तोंडपाठ हाय की," ते म्हणाले. "शेवटच बगायचाय न्हवं?"

आणि त्यांनी बरोबर त्या लांब तानेवर बोट उचललं. तान वर गेली, उतरायला लागली. टक् झालं नाही. गाणं पुढे गेलं. चार मिनिटं गवई गायला, दोन-तीन ताना घेतल्या, मुखडा एकदाच म्हटला आणि थांबला. तिहाई नाही. दिवा मालवणं नाही. जेवण झाल्यावर माणूस हात धुवायला उठतो तसा उठला बहुतेक.

"हात्तिच्या!" अप्पा म्हणाले. "इतकंच व्हय? काई विशेष न्हाई. तू बी हारला, म्या बी हारलो." आणि बटण दाबून पुढचं गाणं लावलं.

मी उठलो आणि टीव्ही बंद केला. तिशीला आलेला माणूस मी, पण लहान पोरासारखा भांडायला लागलो. "सगळं होईपर्यंत हलायचं नाही म्हणून मला बसवलं तुमी. लाइट गेली तर पहिल्यापासून लावलं. आन आता तुमीच?"

अप्पा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते ओशाळल्यासारखे हसले. "आरं, तवा पुढं पळवाया गेलं तर टेप अडकायची. बसावंच लागायचं. आता समद्याच्या पुड्या निघाल्यात, गान्याची बी निघाली. घोटभर घ्यावं, पुढं जावं."

"मंग इतकी वर्षं कशापायी बसला तुमी?"

त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "पहिल्या सोमवारी तू उनात खेळून लई तापला हुतास. गप बसावं म्हनून गानं लावलं आन म्हनलं, हलायचं न्हाई. तू न्हाई हालला. पुढच्या सोमवारी तूच येऊन मीटरखाली बसला. आता बापच मदी उठला तर पोराला कसं वाटंल? लाइट गेली तरी तू उठंना. तुज्या तोंडाकडं बगून पयल्यापासून लावायचो."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "डोळे मिटून पेंगायचे रे. मला ठावं हुतं."

सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून. ज्या दुपारी आम्ही दोघं ऐकतोय असं मी समजत होतो, त्या दुपारी ऐकणारा मी एकटाच होतो. शेजारी बसलेला माणूस माझी समजूत घालत होता. लोक म्हणतील, बापानं इतकं केलं, अजून काय पाहिजे? मला ते नको होतं. मला गाण्यातला जोडीदार पाहिजे होता. माझ्या तोंडाकडे बघून कुणी राग ऐकावा, ही दया मी मागितली नव्हती. मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी निघताना अप्पांनी माळ्यावरून टू-इन-वन काढून पोत्यात बांधून दिला, कॅसेटीसकट. म्हणाले, "घिऊन जा. हितं जागा आडती." मी नमस्कार केला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही.

औरंगाबादला आल्यावर महिनाभर पोतं तसंच पडलं होतं. मग एका सोमवारी कामावरून लवकर आलो आणि ते सोडलं. भीमपलास लावला, बाजू उलटली, मुलतानी लावला. एकट्यानं ऐकताना काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं, मी एकटाच तर ऐकत आलो होतो. असं रागारागानं स्वतःला सांगत बसलो. विलंबित झाला, द्रुत सुरू झालं, तान वर गेली.

टक्.

माझा हात मांडीवर ठेका धरून चालू राहिला आणि मी समोर बघितलं. तेव्हा आठवलं, अप्पा डोळे उघडायचे ते या टक्‌ला. पेंगलेला माणूस सावरून बसायचा, हात चालवायचा आणि विचारायचा, पुढं काय? "पोराला कसं वाटंल" म्हणून तसं कुणी विचारत नाही. गाणं नसेल ऐकलं त्यांनी, पण त्यापुढची ती दहा मिनिटं त्यांची होती. तेवढ्यासाठी ते तासभर बसायचे. आणि तीन आठवडे सांभाळून, टॉवेलात गुंडाळून, मी तिथे शेवट नेऊन ठेवला होता.

फसवलं ते फसवलंच, ते मी मागे घेत नाही. पण त्या दुपारी खोलीत मी मोठ्यानं म्हणालो, "आता तिहाई." आणि पुढे गाऊन बघायला गेलो, तर जमेना. तिथे तिहाई नाही, हे आता मला माहीत होतं.