इमानमेस्तांचं गाऱ्हाणं

नवं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी इमानमेस्त देवाकडे त्याची चहाडी करायचे. इतर लोक नव्या गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमचे मेस्त मात्र हात जोडून, रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात, त्या इंजिनात काय काय बिघडलेलं असू शकतं ते एकेक करून देवाच्या कानावर घालायचे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. ओढणी तोंडावर धरून मी मागे सरकले, तर त्यांनी तिथूनच दरडावलं, "हसतंस कित्याक गो शालू? वर आभाळात गॅरेज नाय!"

त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. पेडण्याकडे विमानाला इमान आणि मिस्त्रीला मेस्त म्हणतात, म्हणून विमानाचं इंजिन करणारा तो इमानमेस्त. बाहेरून आलेल्यांना वाटायचं, माणूस इमानी आहे म्हणून नाव पडलं असेल. मेस्त ही चूक कधी दुरुस्त करायचे नाहीत. "ऱ्हवांदे, दोनय चलता," म्हणायचे आणि कडक उंड्याचा पाव चहात बुडवायचे.

विमान म्हणजे दाबोळीला उतरतं ते नव्हे. पाठीवर इंजिन आणि पंखा बांधून, डोक्यावर कापडाचा मोठा पंख पसरून माणसं उडतात ना, त्यांची इंजिनं आम्ही करतो. मेस्तांचा मूळ धंदा खाणीच्या ट्रकांचा. डिचोलीत तेव्हा ट्रकांच्या रांगा लागायच्या आणि मेस्तांना जेवायला फुरसत नसायची. मग खाणी बंद पडल्या. ट्रक उभ्या जागी गंजले, त्यांच्यावर वेली चढल्या. माझे वडील तसलाच एक ट्रक चालवायचे. ते घरी बसले म्हणून मी साखळीहून बस धरून काम मागायला मेस्तांकडे आले. पण त्याआधीच तिथे इंजिनाचं वेड शिरलेलं होतं.

ते शिरलं हरमलहून. एक परदेशी पाहुणा आपलं बंद पडलेलं इंजिन मोटरसायकलला बांधून घेऊन आला. मेस्तांनी ते खोललं, दुरुस्त केलं आणि परत देताना तोंड वाकडं केलं. "ह्येच्यापरास बरा मी करीन," असं त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या वयनींना, सांगितलं. वयनींना वाटलं, ट्रक गेल्यामुळे ह्यांचं डोकं फिरलं. लोक तर टपलेलेच होते. हरमलला खोल्या बांधा, टॅक्सी घ्या, असे सल्ले फुकट मिळत होते. डिचोलीत कधी विमानाचं इंजिन होतं का, असं बाजारात कुणी विचारलं की मेस्त मान वर करून बघायचे. "कित्याक? डिचोलेर आभाळ नाय?"

पहिलं इंजिन असं थरथरलं, की ज्या लोखंडी घोड्यावर बसवलं होतं त्या घोड्यासकट अंगणात चालत गेलं आणि वयनींच्या तुळशीला धडकलं. दुसऱ्याचा पिस्टन अडकला. तिसरं चाललं. त्याच्या ओतीव अंगावर मेस्तांनी देवनागरीत एकच शब्द उठवून घेतला होता: डिचोली. वयनी म्हणाल्या, गाव तर तुमचं पेडण्यात. मेस्त म्हणाले, "जल्म पेडण्यात झालो. हात डिचोलेन शिकयले." तेव्हापासून आमच्या प्रत्येक इंजिनावर तो शब्द आहे. लांबलांबचे उडणारे त्याच्यावरून बोट फिरवतात, काय लिहिलंय ते विचारतात आणि 'दिकोली' म्हणतात. आम्ही ऐकून घेतो.

आता गाऱ्हाण्याबद्दल. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. मेस्तांनी ते उचलून इंजिनाला लावलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या इंजिन आज तुझ्या पुढ्यात ठेवलाव!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्या पिस्टनाची पिन शालून बसयली, बाबनीन बघितली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

असं नटबोल्टांपासून पेट्रोलच्या नळीपर्यंत चालायचं. शेवटी त्यांचा आवाज खाली यायचा. "ह्या पाठीक बांधून कोणाचो झील, कोणाचा चेडू आभाळात जातला. जसा वर व्हरशीत, तसा खाली हाड रे म्हाराजा." म्हणजे कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, जशी वर नेशील तशीच खाली आण.

यात मेस्तांनी एक नियम घुसवला होता, तो कुठल्या देवळात नाही. मनात शंका असेल त्याने होकार भरायचा नाही. कारण सांगायची गरज नाही, नुसतं गप्प राहायचं. एक आवाज कमी पडला तरी मेस्तांना कळायचं. मग ते हात सोडून एकच शब्द बोलायचे, "खोला!" आणि पुरं झालेलं इंजिन पुन्हा सुटं व्हायचं. सावंतवाडीचे बाबनी, आयुष्यभर ट्रक चालवून आता आमच्या लेथवर आलेले, सुरुवातीला वैतागायचे. त्यांना मेस्त सांगायचे, "देवाक फसवूक येता रे, पण पंख्याक नाय."

एकदा एका मोठ्या कंपनीचे लोक आले. त्यांना आमची इंजिनं पसंत होती. कोट घातलेले तिघे अंगणात खुर्च्यांवर बसले, वयनींनी सोलकढी दिली. घोड्यावर इंजिन तयार होतं. ते चाललं की मोठी ऑर्डर ठरलीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मेस्तांनी गाऱ्हाणं सुरू केलं. क्रँकच्या बेअरिंगची ओळ आली आणि माझी जीभ उचलेना. सकाळी हाताने फिरवताना तिथे काहीतरी खरखरल्यासारखं वाटलं होतं. नक्की नव्हतं. नुसतं वाटलं होतं. मी गप्प राहिले.

मेस्तांनी हात सोडले. "खोला!"

पाहुण्यांसमोर आम्ही इंजिन सुटं केलं. बेअरिंग काढून धुतलं, उजेडात धरलं, फिरवलं. काही म्हणजे काही निघालं नाही. पाहुणे घड्याळं बघत उठले. जाताना त्यांच्यातला एकजण हसून म्हणाला, "असं प्रत्येकाच्या मनावर कारखाना चालत नाही."

"आमचो चलता," मेस्त म्हणाले.

मला रडू फुटलं. हातचं गेलं होतं आणि ते माझ्यामुळे. बाबनी माझ्याकडे बघतही नव्हते. मेस्तांनी सगळ्यांना घोड्याभोवती बोलावलं आणि माझ्याकडे बोट केलं. "शालू चुकूक नाय. आज खोट मेळाक नाय म्हणान फाल्यां कोण मनात शंका असताना व्हय म्हणत, तर तेका मी दारात उभो करूचंय नाय." फाल्यां म्हणजे उद्या. मग बेअरिंग माझ्या हातात ठेवून म्हणाले, "बसय आता. आणि बसयताना परत आयक." त्या माणसावर माझा किती जीव होता, हे मला त्या क्षणी कळलं.

मेस्त गेल्या वर्षी गेले. काजूच्या दिवसांत झोपेतच गेले. घोड्यावर एक इंजिन अर्धं जुळलेलं राहिलं. तेराव्यानंतर पंधरवड्यातच ते कोटवाले परत आले. या वेळी त्यांना कारखानाच हवा होता. इंजिनं दुसरीकडे तयार होणार, त्यांच्यावर त्यांचं नाव येणार, आम्हाला नोकऱ्या मिळणार. आणि गाऱ्हाणं? ते ऐकून ते हसले.

मेस्तांचा मुलगा प्रसाद पणजीला नोकरीला. मुलगा वाईट नाही. आईची काळजी होती, म्हणून द्यायला तयार झाला होता. पाहुण्यांना आत बसवून तो अंगणात आला आणि आम्हाला म्हणाला, "कोणाची हरकत असल्यास सांगा." सगळे जमिनीकडे बघत राहिले. धन्याच्या मुलाला तोंडावर नको कसं म्हणायचं? माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. बाईमाणूस आमच्याकडे गाऱ्हाणं घालत नाही, हे मला ठाऊक होतं. मी घोड्यासमोर उभी राहिले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा, ह्या इंजिनार डिचोलेचा नाव ऱ्हवचा नाय, आणि तेका आमी राजी असंव, म्हाराजा!"

कोणी होकार भरला नाही. बाबनींनी ओठ घट्ट मिटले होते. दारात वयनी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर धरला. आत पाहुण्यांच्या चहाच्या कपांचा आवाज तेवढा येत होता. आम्ही इतक्या मोठ्याने कधीच गप्प बसलो नव्हतो.

प्रसादच्या ओठांवर 'व्हय' आला होता, मी पाहिला. तो त्याने गिळला. घोड्यावरच्या त्या अर्ध्या इंजिनावर त्याने एकदा हात ठेवला. मग आत गेला आणि पाहुण्यांना म्हणाला, "जमणार नाही."

"का? कोण नको म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच काही म्हणालं नाही," प्रसाद म्हणाला, "म्हणूनच."