मोठीमायचा तेरावा पत्ता

मोठीमाय आपले पत्ते एकदाच बघायची. तेरा पत्ते उचलायची, मनाशी लावायची आणि पालथे करून समोर ठेवायची. मग डाव संपेपर्यंत न बघता त्यातून नेमका हवा तो पत्ता काढून टाकायची. मेंढीकोट खेळणारी पुष्कळ माणसे मी आमच्या सावली तालुक्यात पाहिली, आता चंद्रपूरच्या वसतिगृहातही पाहते. असे खेळणारे दुसरे कोणी दिसले नाही.

ती माझ्या वडिलांची वहिनी. बाबांचे थोरले भाऊ, मोठेबाबा, लवकर गेले, तेव्हापासून शेजारच्या खोलीत एकटी राहते. उन्हाळ्यात पहाटे जंगलातून तेंदूपत्ता तोडून आणायचा, दुपारी सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसून पुडे बांधायचे, आणि पुडे झाले की त्याच चटईवर पत्ते. आई-बाबा एका जोडीत, मोठीमाय आणि मी दुसऱ्या. चौथीत असताना तिने मला भिडू केले. चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, आमच्याकडे आल्या की बाबांवर कोट चढायचा. ती म्हणायची, "भाऊजी, आता चहा तुमी मांडा." एरवी चुलीजवळ न फिरकणारे बाबा खरोखर चहा मांडायचे.

तिचा नियम एकच होता. भिडूने भिडूला काही सांगायचे नाही. डोळ्याने खूण नाही, खाकरणे नाही. एकदा मी नुसती भुवई उचलली तर तिने डाव मोडला. "मायी हार मी पाहून घेईन. तू तुया पत्त्याकडे पाह्य." पण माझ्या चुकीने मेंढी गेली तर कधी रागावली नाही. "गेली त गेली. वाघानं त नाई नेली," एवढेच म्हणायची.

मी बारावीत होते तेव्हा ती पत्ते दोनदा, तीनदा उचलून बघू लागली. वाटलेला पत्ता घसरून बाजूला गेला की चटईवर हात फिरवत राहायची. दाराच्या चौकटीला तिचा खांदा लागायचा. हे सगळे मला दिसत होते. मी तिला विचारले नाही, घरातही कोणाला सांगितले नाही. आपल्या भिडूचा कमीपणा समोरच्या जोडीला कळू नये, असे मला वाटे. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरेच एवढेच वाटले होते. उलट तिचे पत्ते मी तळहाताने हळूच तिच्या पुढ्यात सरकवू लागले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर मी सुट्टीत घरी आले. त्या दुपारी बाबा पत्ते वाटत होते आणि मी पाणी आणायला आत गेले होते. पुढे बाबांनी बदामाचा एक्का टाकला. आपल्याकडे बदाम नाही असे समजून मोठीमायने त्यावर हुकूम मारला. शेवटी तिच्यासमोरचे पत्ते संपले आणि आमच्या प्रत्येकाच्या हातात एकेक उरला. बाबांनी वाकून पाहिले. बदामाची दश्शी तिच्या गुडघ्यामागे, लुगड्याच्या काठाजवळ पडली होती.

"वयनी, या वयात पत्ते लपवता?"

"मले दिसलीच नाई, भाऊजी."

"मले बी मायी हार कधी दिसत नाई," बाबा म्हणाले. आई हसली. मी पत्ते गोळा करून जुळवत बसले.

मोठीमाय उठून गेली, ती पुन्हा चटईवर बसली नाही. ती रुसली असे समजून बाबांनी महिनाभर चिडवले, मग सोडून दिले.

हिवाळ्यात तिचा पाय चुलीवरून उतरवलेल्या भाताच्या गंजात गेला आणि पोळला. बाजूलाच ठेवलेला गंज तिला दिसला नव्हता. मी तिला चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार दिवस टिकणार नाही, असे ते म्हणाले. वर्ष-दोन वर्षे आधी आणले असते तर बरीच वाचली असती.

घरी आल्यावर ती सपरीत माझ्याजवळ बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "भाऊजीले बोल लावू नको. थो त मजाक करून राह्यला होता. त्याले का माहीत? तुले तरी का माहीत होतं?"

मी गप्प बसले असते तर चालले असते. पण मला ते जमले नाही.

"मले माहीत होतं, मोठीमाय."

तिला आधी कळलेच नाही. मग तिने विचारले, "कवापासून?"

"बारावीपासून."

"आन् बोलली काऊन नाई?"

मग ती उठली. मी हात धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला आणि भिंत चाचपत आपल्या खोलीत गेली.

आता सुट्टीत गेले की ती माझ्याशी बोलते. जेवली का, परीक्षा कवा हाये, सगळे विचारते. पण अंगणात जायचे असले की हात धरायला आईला हाक मारते, मी शेजारी बसलेली असताना.