आईने नकाशावर ठेवलेलं बोट

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचे. पण हे आमच्या मुलुंडच्या घरात, भर दुपारी, माझ्यासमोर घडलंय...

मी आणि माझा नवरा नीलेश ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून अकरा दिवस गाडीने जाणार होतो. निघायला दोन महिने होते. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून मुक्काम, पाणी, पेट्रोल असं सगळं मी पेन्सिलने मार्क करत होते. शेजारी आई वाल सोलत बसलेली. आई मूळची मालवणची, अंगणवाडीत आयुष्य काढलेली. विमानात कधी बसली नव्हती. इंग्रजी वाचता येत नाही.

तिने सहज वाकून एका खुणेवर बोट ठेवलं.

"हय पेट्रोल गावाचा नाय."

"मिळणार नाही म्हणजे?"

"पंप बंद आसा. दाराक निळी ताडपत्री मारलेली आसा."

"आई, नेटवर तर चालू दाखवतोय," नीलेश हसत म्हणाला. आई पुन्हा वाल सोलायला लागली.

मला मात्र राहवेना. आमची टाकी नेमकी तिथेच रिकामी होणार होती आणि पुढे तीनशे किलोमीटर काही नाही... रेंजसुद्धा. त्या पंपावर कोणी फोन उचलेना, म्हणून त्याच्या पुढच्या पंपावर लावला. एका बाईने उचलला. म्हणाली, "तिथे परवा आग लागली. बरेच महिने बंद राहील."

मी घाबरतच विचारलं, "दाराला काही लावलंय का?"

"ताडपत्री. निळी." मग तिनेच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझ्या आईने," मी म्हटलं. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ झाली.

आईला विचारलं, तुला कसं कळलं गं? "माका काय म्हायत. दिसला ता सांगलंय."

आम्ही पेट्रोलचे जादा कॅन घेतले आणि आईलाही सोबत न्यायचं ठरवून तिचा पासपोर्ट काढला, सहासष्टाव्या वर्षी. त्या पंपावरून गेलो तेव्हा मी गाडी हळू केली. ताडपत्री होती. आई पुढच्या सीटवर शांत झोपली होती, मी उठवलं नाही.

बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, "काकी, काय बघितलंत तिकडे?" ती कांगारूंचं सांगते. पंपाचं मी सांगते... भेटेल त्याला.